बी.एस्सी. नर्सिंग (महाराष्ट्र): प्रवेश आणि अभ्यासाची पूर्वतयारी

बी.एस्सी. नर्सिंग हा परिचर्याशास्त्रातील चार वर्षांचा, आठ सत्रांत विभागलेला पदवी अभ्यासक्रम आहे. भारतात त्याची रूपरेषा भारतीय परिचर्या परिषदेने निश्चित केली आहे. महाराष्ट्रातील बहुतेक परिचर्या महाविद्यालये नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि पदवीनंतर प्रत्यक्ष काम करण्यासाठी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. या लेखात महाराष्ट्रातील प्रवेशाची पद्धत आणि पहिल्या वर्षाच्या अभ्यासाची पूर्वतयारी यांचा परिचय करून दिला आहे. प्रवेश परीक्षेची चर्चा सर्वत्र होत असते. परंतु ग्रामीण व मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांची खरी अडचण बहुधा परीक्षेआधी कागदपत्रांत आणि परीक्षेनंतर पहिल्या सत्राच्या भाषेत असते. म्हणून या दोन भागांचा विचार येथे अधिक विस्ताराने केला आहे.

पार्श्वभूमी

परिचर्येच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ साली प्रशिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचा पहिल्या भारतीय प्रशिक्षणार्थी परिचारिका म्हणून उल्लेख आढळतो. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने स्त्रियांना, विशेषतः विधवांना, या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. रुग्णसेवा हे घरंदाज स्त्रीचे काम नव्हे, अशी समजूत असलेल्या काळातील ही गोष्ट आहे. त्या समजुतीचे अवशेष आजही एखाद्या घरात मुलीने हा अभ्यासक्रम निवडला की दिसतात.

परिचर्येतील पदवी शिक्षण भारतात १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाले. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये स्थापन झाले. आता काही संस्था केवळ मुलींसाठी असल्या, तरी हा अभ्यासक्रम मुलांनाही खुला आहे. रुग्णालयात ‘सिस्टर’च्या जोडीला ‘ब्रदर’ हा शब्द रुळला आहे.

पात्रता

उमेदवाराने बारावीची परीक्षा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय घेऊन उत्तीर्ण केलेली असावी लागते. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबर रोजी वयाची १७ वर्षे पूर्ण असावीत आणि उमेदवार वैद्यकीयदृष्ट्या सक्षम असावा.

गुणांच्या अटीबाबत पालकांचा नेहमी घोटाळा होतो. आवश्यक असलेले ४५ टक्के हे बारावीच्या एकूण गुणांचे नसून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तीन विषयांच्या बेरजेचे आहेत. म्हणजे ३०० पैकी १३५. अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत असल्याने त्यांच्यासाठी ही मर्यादा १२० होते. भाषा आणि इतर विषयांच्या जोरावर एकूण ६० टक्के मिळवलेला विद्यार्थीही या तीन विषयांत कमी पडल्यास अपात्र ठरतो. इंग्रजीतही स्वतंत्रपणे उत्तीर्ण होणे आवश्यक आहे.

प्रवेश परीक्षा

काही वर्षे राज्यातील हे प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर होत असत. त्यानंतर राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाने बी.एस्सी. नर्सिंगसाठी स्वतंत्र परीक्षा सुरू केली. परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची असून १०० गुणांची आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि परिचर्येचा कल या पाच विभागांना प्रत्येकी २० गुण आहेत. चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नसतो.

जीवशास्त्रावरच सारी भिस्त ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांनी इंग्रजी आणि कल या विभागांचे मिळून ४० गुण होतात हे ध्यानात घ्यावे. कल-चाचणीसाठी वेगळे पाठांतर लागत नाही. एखाद्या प्रसंगी रुग्णाशी किंवा सहकाऱ्याशी कसे वागावे, दिलेल्या माहितीवरून काय निष्कर्ष निघतो, अशा स्वरूपाचे प्रश्न शांतपणे वाचून सोडवण्याचा सराव पुरेसा असतो.

सैन्यदलाच्या परिचर्या महाविद्यालयांसाठी मार्ग निराळा आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिचर्या महाविद्यालयासह तेथील प्रवेश मुलींसाठी असून त्यासाठी नीट परीक्षा द्यावी लागते. शिक्षणानंतर सैनिकी परिचर्या सेवेत काम करण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (एम्स) आपली प्रवेश परीक्षा स्वतंत्रपणे घेतात. केवळ राज्याचा अर्ज भरून या संस्थांसाठी विचार होत नाही.

केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया आणि कागदपत्रे

परीक्षेचा निकाल लागल्यावर प्रवेश आपोआप होत नाही. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी (कॅप) पुन्हा स्वतंत्र नोंदणी करावी लागते, कागदपत्रे अपलोड करावी लागतात आणि महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावा लागतो. परीक्षा दिली म्हणजे नोंदणी झालीच, या समजुतीने दरवर्षी काही विद्यार्थी बाहेर राहतात. पसंतीक्रम आपल्या खऱ्या इच्छेनुसार भरावा. वाटप गुणवत्तेनुसार आणि मग पसंतीनुसार होत असल्यामुळे मिळण्याची आशा कमी असलेले महाविद्यालय वर लिहिल्याने खालचे हुकत नाही. मिळालेली जागा कोणत्या फेरीनंतर सोडता येते व कोणत्या फेरीनंतर सोडता येत नाही, याचे नियम त्या त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत असतात. ती पुस्तिका इंटरनेट केंद्र चालवणाऱ्याने नव्हे, तर विद्यार्थ्याने स्वतः वाचलेली असावी.

कागदपत्रांत दहावी व बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र आणि वैद्यकीय सक्षमतेचे प्रमाणपत्र ही सर्वांनाच लागतात. आरक्षित प्रवर्गातील उमेदवारांना जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तेथे उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे, म्हणजेच नॉन-क्रीमी लेयर, प्रमाणपत्र जोडावे लागते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी त्यांचे वेगळे प्रमाणपत्र असते. अधिवास, उत्पन्न व नॉन-क्रीमी लेयर ही प्रमाणपत्रे ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून मागवता येतात. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते. गतवर्षी काढलेले प्रमाणपत्र जून महिन्यात निरुपयोगी ठरल्याचे तेव्हाच लक्षात येते.

सर्वाधिक वेळ जात वैधता प्रमाणपत्राला लागतो. जात प्रमाणपत्र महसूल अधिकारी देतात, परंतु त्याची पडताळणी स्वतंत्र समिती करते. अनुसूचित जमातींसाठीच्या तपासणी समित्या वेगळ्या आहेत. पडताळणीसाठी कुटुंबाच्या जातीचा आणि वास्तव्याचा विशिष्ट दिनांकापूर्वीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी हा दिनांक १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ असा आहे. म्हणजे पुरावा बहुधा आजोबा-पणजोबांच्या पिढीचा शोधावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा गाव नमुना क्रमांक १४, जुने सातबारा व फेरफार उतारे ही त्याची नेहमीची साधने आहेत. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर चुलत घराण्यातील कोणाचे वैधता प्रमाणपत्र झाले आहे का, याची चौकशी उपयोगी पडते. हे सर्व अकरावीच्या सुरुवातीलाच हाती घेतले, तर बारावीचा निकाल लागेपर्यंत प्रमाणपत्र हातात असण्याची शक्यता असते. निकालानंतर धावपळ सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यावर खुल्या प्रवर्गातून प्रवेश घेण्याची किंवा वर्ष गमावण्याची पाळी येते. गुण कमी पडून प्रवेश हुकणे समजण्यासारखे आहे. एका उताऱ्यासाठी तो हुकणे अधिक जिव्हारी लागते.

नावांतील तफावत ही आणखी एक नित्याची अडचण. दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘सुनिता’, आधारपत्रावर ‘सुनीता’ आणि जात प्रमाणपत्रात वडिलांच्या नावापुढे ‘राव’ असेल, तर पडताळणीच्या वेळी शपथपत्रे करावी लागतात. शाळेत असेपर्यंत अशी दुरुस्ती तुलनेने सोपी असते. शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमधील नोंद बदलणे जिकिरीचे होते. दहावीचा परीक्षा अर्ज भरताना ही नावे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मूळ कागदपत्रे महाविद्यालयाकडे जमा करण्यापूर्वी त्यांच्या पुरेशा साक्षांकित प्रती काढाव्यात आणि जमा केल्याची पोच घ्यावी.

संस्थेची मान्यता

महाविद्यालय निवडताना राज्य व केंद्र पातळीवरील परिचर्या परिषदेची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता या गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायदा संमत केला असून १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी तो करण्यात आला आहे. त्यामुळे येत्या काळात नियामक संस्थांच्या नावांत बदल दिसतील.

याहून महत्त्वाची तपासणी रुग्णालयाची. परिचर्या महाविद्यालयाचे अर्धे शिक्षण खाटांशेजारी होते. संस्थेचे स्वतःचे रुग्णालय आहे का, तेथे प्रत्यक्षात रुग्ण किती असतात, प्रसूती, बालरोग व मनोरुग्ण विभागांचा अनुभव कोठे मिळतो, हे प्रवेशापूर्वी जाऊन पाहावे. उंच इमारत आणि रिकामे वॉर्ड असलेल्या महाविद्यालयापेक्षा जुन्या जिल्हा रुग्णालयाशी जोडलेले महाविद्यालय अधिक शिकवते. परराज्यात ‘परीक्षेविना थेट प्रवेश’ मिळवून देणाऱ्या दलालांपासून सावध राहावे. मान्यता नसलेल्या संस्थेची पदवी नोंदणीच्या वेळी उपयोगी पडत नाही आणि तोवर चार वर्षे गेलेली असतात.

शुल्क

शासकीय महाविद्यालयांचे शुल्क अल्प असते. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या राज्य कायद्यान्वये स्थापन झालेले शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. अनुसूचित जाती-जमाती व इतर प्रवर्गांच्या शिष्यवृत्तीसाठी ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती मिळते. मात्र त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला ही सवलत नाही. वसतिगृह, गणवेश आणि प्रवासाचा खर्च यात येत नाही, आणि अनेक कुटुंबांना तोच अधिक जड जातो.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

सध्याची सत्रपद्धती भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२० च्या सुधारित विनियमांनुसार २०२१-२२ पासून लागू झाली. पहिल्या सत्रात संवादात्मक इंग्रजी, शरीररचनाशास्त्र व शरीरक्रियाशास्त्र, समाजशास्त्र व मानसशास्त्र आणि परिचर्येची मूलतत्त्वे हे विषय असतात. दुसऱ्या सत्रात जीवरसायनशास्त्र, पोषण व आहारशास्त्र, परिचर्येची मूलतत्त्वे भाग दोन आणि आरोग्य माहितीशास्त्र येतात. पुढे सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र, प्रौढ, बाल, मानसिक व सामुदायिक आरोग्य परिचर्या, प्रसविका शिक्षण, संशोधन आणि व्यवस्थापन असा विस्तार होत जातो. आठवे सत्र २२ आठवड्यांच्या आंतरवासितेचे असून तेव्हा आठवड्याला ४८ तास काम करावे लागते.

पहिल्याच सत्रात परिचर्येच्या मूलतत्त्वांसाठी १२० तास वर्गात, ८० तास कौशल्य प्रयोगशाळेत आणि १६० तास रुग्णालयात घालवायचे असतात. दुसऱ्या सत्रात रुग्णालयाचे तास दुप्पट, म्हणजे ३२० होतात. लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेत स्वतंत्रपणे ५० टक्के गुण आवश्यक आहेत. इंग्रजीसाठी ही मर्यादा ४० टक्के आहे. परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयात ८० टक्के उपस्थिती लागते, आणि पदवी मिळण्यापूर्वी रुग्णालयीन कामाची उपस्थिती शंभर टक्के पूर्ण करावी लागते. आजारपणात बुडालेली कामाची पाळी नंतर भरून द्यावी लागते.

पूर्वतयारी: भाषा

अध्यापनाचे माध्यम इंग्रजी आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याने अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीतून केलेले असले, तरी ते बहुधा पाठांतराच्या बळावर असते. पहिल्या सत्रात पाठांतर अपुरे पडते, कारण संज्ञांची संख्या फार मोठी असते.

यावरचा मार्ग संज्ञा फोडून शिकण्याचा आहे. वैद्यकीय शब्द ग्रीक व लॅटिन घटकांचे बनलेले असतात आणि संस्कृत समासाचा विग्रह करण्याची सवय असलेल्या मराठी विद्यार्थ्याला ही रीत परकी वाटू नये. ‘कार्डिओ’ हृदयाचे, ‘नेफ्रो’ मूत्रपिंडाचे, ‘हेपॅटो’ यकृताचे. ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘एक्टमी’ म्हणजे काढून टाकणे, ‘टॅकी’ म्हणजे जलद, ‘ब्रॅडी’ म्हणजे मंद. असे शंभर-दीडशे घटक प्रवेशापूर्वीच्या सुट्टीत पाठ केले, तर हजारो शब्दांचा अर्थ लागतो. भाषा संचालनालयाचे शारीर आणि औषधशास्त्र परिभाषा कोश येथे सोबतीला घेता येतात. परीक्षेत मराठी प्रतिशब्द विचारले जात नाहीत, पण संकल्पना मनात पक्की व्हायला ते मदत करतात.

स्पेलिंगकडे दुर्लक्ष करून चालत नाही. ‘आयलियम’ हा उच्चार असलेले दोन शब्द आहेत. मधले अक्षर ‘ई’ असेल, तर तो लहान आतड्याचा शेवटचा भाग. ‘आय’ असेल, तर कमरेचे हाड. कानाने ऐकून देवनागरीत टिपण काढणाऱ्याला हा फरक कधीच दिसत नाही. ‘हायपरग्लायसेमिया’ आणि ‘हायपोग्लायसेमिया’ यांत तर उपचारच उलटे आहेत: पहिल्यात रक्तातील साखर वाढलेली असते, दुसऱ्यात ती घटलेली.

मात्र भाषेचा हा प्रश्न एकाच दिशेचा नाही. रुग्ण मराठीत बोलतो. पोटात ‘कळ’ येते, जखमेत ‘ठणका’ लागतो, पायात ‘चमक’ निघते, छातीत ‘जळजळ’ होते, पोटात ‘मुरडा’ येतो, अंगात ‘कणकण’ आहे, हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. प्रत्येक शब्द वेदनेचा निराळा प्रकार सांगतो, आणि वेदनेचा प्रकार हा निदानाचा दुवा असतो. रुग्णाचा शब्द नीट ऐकणे आणि नोंदवहीत त्याच्या जागी अचूक इंग्रजी शब्द लिहिणे हे परिचारिकेचे रोजचे काम आहे. ‘पेन’ एवढाच शब्द लिहिणारी विद्यार्थिनी रुग्णाने दिलेली निम्मी माहिती गमावते. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या घरांतून आलेल्या मुलींना आपल्या बोलीचा संकोच वाटतो. वॉर्डात तीच बोली त्यांची मोठी मिळकत ठरते.

पूर्वतयारी: हिशेब

बारावीला गणित न घेतलेले अनेक विद्यार्थी या अभ्यासक्रमाकडे वळतात. औषधांच्या मात्रेसाठी लागणारे गणित उच्च नाही, पण ते चुकून चालत नाही. जुन्या शाळेत ज्याला त्रैराशिक म्हणत, तेच येथे उपयोगी पडते. डॉक्टरांनी २५० मिलिग्रॅम औषध लिहिले आहे आणि कुपीत ५ मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम आहे, तर अडीच मिलिलिटर घ्यायचे. शिरेवाटे ५०० मिलिलिटर द्रव ५ तासांत द्यायचा असून नळीतून १ मिलिलिटरला १५ थेंब पडतात, तर ५०० ला १५ ने गुणून ३०० मिनिटांनी भागायचे: मिनिटाला २५ थेंब. दशांश चिन्ह एक घर सरकले की मात्रा दहापट होते.

इन्शुलिनचे उदाहरण विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. भारतात ते १ मिलिलिटरमध्ये ४० एकके आणि १०० एकके अशा दोन तीव्रतांत मिळते आणि सिरिंजही दोन प्रकारच्या असतात. ४० च्या सिरिंजमध्ये १०० तीव्रतेचे इन्शुलिन १० च्या खुणेपर्यंत भरले, तर १० ऐवजी २५ एकके जातात. ग्रॅम, मिलिग्रॅम व मायक्रोग्रॅम यांची रूपांतरे आणि अशी उदाहरणे रोज पाच याप्रमाणे महिनाभर सोडवली, तर पुढे औषधशास्त्रात भीती राहत नाही.

पूर्वतयारी: वॉर्ड

पहिल्या वर्षी रुग्णालयात शिकवली जाणारी कामे साधी दिसतात: खाट लावणे, रुग्णाला अंग पुसून देणे, तापमान, नाडी, श्वसन व रक्तदाब मोजणे, हात धुणे. साबणाने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात, हे प्रथम ऐकल्यावर बहुतेकांना अतिशयोक्ती वाटते. नाडी मोजण्यासाठी सेकंदकाटा असलेले घड्याळ घ्यावे. हिपॅटायटिस-ब लसीच्या तीन मात्रा शून्य, एक व सहा महिने अशा अंतराने घ्याव्या लागतात, म्हणून ती प्रवेश निश्चित होताच सुरू करणे इष्ट.

रुग्णाची पाहणी, परिचर्या निदान, नियोजन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन या क्रमाने लिहायचा परिचर्या आराखडा हा अभ्यासाचा कणा आहे. तो वसतिगृहात बसून मैत्रिणीच्या वहीतून उतरवण्याची प्रथा सर्वत्र आहे आणि प्रात्यक्षिक परीक्षेत ती उघडी पडते. वॉर्डात शिक्षकांइतकेच परिसेविका, अधिपरिचारिका आणि वर्षानुवर्षे काम केलेल्या मावशीही शिकवतात. घाबरलेल्या रुग्णाला कुशीवर कसे वळवावे, हे पुष्कळदा मावशींकडूनच कळते. पहिला मृत्यू पाहणे, उलटी व रक्त हाताळणे, रात्रपाळीनंतर सकाळी तासाला बसणे यांसाठी पुस्तकी तयारी नाही. अशा वेळी शिक्षकांशी बोलणे ही दुबळेपणाची खूण मानू नये. पहिल्या सत्रात अभ्यासक्रम सोडून जाणाऱ्यांपैकी काहींना केवळ कोणीतरी विचारपूस करायला हवी असते.

नोंदणी आणि पुढील वाटा

पदवी आणि आंतरवासिता पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे परिचारिका व प्रसविका अशी नोंदणी होते. तिचे नूतनीकरण ठरावीक मुदतीने करावे लागते. शासकीय सेवेत राज्यात अधिपरिचारिका या पदासाठी, तर एम्समध्ये २०२० पासून नॉरसेट या सामाईक परीक्षेद्वारे नर्सिंग ऑफिसर पदासाठी भरती होते. पदवीनंतर दोन वर्षांचा एम.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम आहे. ज्यांना पदवीला प्रवेश मिळत नाही, त्यांच्यासाठी तीन वर्षांची जी.एन.एम. पदविका आणि तिच्यानंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग ही वाट खुली राहते. त्या वाटेने एकूण एक वर्ष अधिक लागते.